बेटावर राहायला जायचंय? आधी परतीचा खर्च मोजा

मॉरिशस असो वा अंदमान, रील्समध्ये समुद्र दिसतो. पाणी, वीज, दवाखाना आणि कामाचा परवाना दिसत नाही. निर्णयाआधी काय तपासावे?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचे लक्षद्वीपमधील फोटो प्रसिद्ध झाले आणि मोबाइलच्या पडद्यावर निळे पाणी, पांढरी वाळू आणि नारळाच्या झाडांचा पूर आला. त्या फोटोंनी अनेकांना सहलीची आठवण करून दिली. काहींच्या डोक्यात मात्र वेगळाच विचार सुरू झाला. कायमचेच तिकडे गेले तर? अंदमानात होमस्टे, मालदीवच्या रिसॉर्टमध्ये नोकरी किंवा मॉरिशसमध्ये घर घेऊन लॅपटॉपवर काम, असे पर्याय आज बारामती-इंदापूरच्या तरुणांच्या फोनवरही रोज येऊन पडतात.

स्वप्न पाहण्यात गैर काही नाही. पण पाच दिवसांची सहल आणि बिऱ्हाड हलवणे यांत मोठा फरक आहे. बेटावर जाण्याचा खर्च सगळेच काढतात. तिथून परत येण्याचा खर्च मात्र फार थोडे जण काढतात, आणि खरी अडचण तिथेच होते.

एक उदाहरण घेऊन पाहू

समजा, बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये एक तरुण जोडपे आहे. घरी तीन एकर ऊस, आई-वडील साठीच्या पुढचे, एक मुलगी पहिलीत. नवऱ्याला मॉरिशसमधील एका हॉटेलात देखभाल विभागात नोकरीची विचारणा झाली आहे. (हे उदाहरण काल्पनिक आहे, पुढचे नियम आणि घटना मात्र खऱ्या आहेत.)

या जोडप्याने पुण्याला बिऱ्हाड केले आणि ते जमले नाही, तर काय होईल? एका टेम्पोत सामान भरून ते संध्याकाळपर्यंत गावात परत येतील. वडिलांच्या छातीत दुखले, तर अर्ध्या-पाऊण तासात बारामती गाठता येईल. तिथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यापुढे पुणे आहे. पुण्याचा निर्णय चुकला तरी तो दुरुस्त करता येतो, कारण मध्ये रस्ता आहे.

बेटावर रस्ता संपतो. त्यानंतरची प्रत्येक गोष्ट बोटीने किंवा विमानाने येते-जाते. म्हणून बेटाचे तोटे तपासताना एकच कसोटी पुन्हा पुन्हा लावावी लागते: ही गोष्ट बिघडली, तर दुसरा मार्ग कोणता?

मॉरिशसला गेलेले मराठी लोक परत का आले नाहीत?

मराठी माणसाला बेट नवीन नाही. मॉरिशसमध्ये मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो आहे. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी संपुष्टात येत असताना तिथल्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' हे जहाज करारबद्ध भारतीय मजुरांना घेऊन पोर्ट लुईला पोहोचले. १९२० पर्यंत जवळपास पाच लाख भारतीय त्या बंदरातून उतरले. ते ज्या घाटावर उतरत, तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

यांतील बहुसंख्य मजूर बिहार आणि आसपासच्या भागांतील होते, काही मद्रासकडचे. मुंबई बंदरातून रत्नागिरी, सातारा या भागांतील मराठी माणसेही गेली. करार साधारण पाच वर्षांचा असे. सुरुवातीच्या करारांत परतीचा प्रवास मोफत देण्याची अट होती. १८५० च्या दशकात ही सवलत काढून घेतली गेली. कामावर एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगणे बंधनकारक केले. परवाना नसेल तर अटक होत असे.

पाच वर्षांसाठी गेलेले बहुसंख्य लोक परतलेच नाहीत. कुणी तिथे जमीन घेतली, कुणाचा संसार तिथेच उभा राहिला. पण परतीचे भाडे खिशात नसणे हेही एक मोठे कारण होते.

आज परिस्थिती अर्थातच वेगळी आहे. मॉरिशस १९६८ मध्ये स्वतंत्र झाला. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय म्हणून शिकवला जातो, आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. आजचा तरुण मजूर म्हणून नाही, स्वतःच्या इच्छेने जातो. तरीही १८५० च्या दशकातला प्रश्न तसाच आहे: परतीचे पैसे कोणाकडे आहेत आणि परतण्याचा निर्णय कोणाच्या हातात आहे?

पाणी : बोअर आणखी खोल घेतली की भागते का?

कोऱ्हाळ्याच्या परिसरात ब्रिटिश काळापासून नीरा डाव्या कालव्याचे पाणी आहे. आवर्तन लांबले की विहीर, विहीर आटली की बोअर, आणि बोअरला पाणी कमी पडले की ती आणखी खोल, हा क्रम इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. तालुक्याच्या जिरायत भागाला टँकरही ठाऊक आहे.

सपाट प्रवाळ बेटांवर हा क्रम उलटा पडतो. लक्षद्वीप किंवा मालदीवमध्ये जमिनीखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा एक पातळ थर असतो आणि तो खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. खारे पाणी थोडे जड असल्यामुळे हे शक्य होते. यामागचे गणित साधे आहे. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटर गोडे पाणी मिळते. उपसा वाढून वरची पातळी अर्धा मीटर उतरली, तर खालून खारे पाणी सुमारे वीस मीटर वर सरकते. म्हणजे बोअर खोल घ्याल तितके मीठ लवकर हाती येईल. एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे जावे लागू शकतात.

म्हणून अशा बेटांवर समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे लागतात. लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे २००५ मध्ये रोज एक लाख लिटर पाणी गोडे करणारा प्रकल्प सुरू झाला. पण यंत्र एकच असेल आणि ते बंद पडले तर काय होते, हे मालदीवच्या राजधानीने पाहिले आहे. ४ डिसेंबर २०१४ रोजी मालेतील पाणी शुद्धीकरण प्रकल्पात आग लागली आणि शहराचा पिण्याच्या पाण्याचा पुरवठा तुटला. भारताने हवाई दलाची विमाने आणि नौदलाची जहाजे पाठवून पाणी पोहोचवले. एका देशाच्या राजधानीला टँकर म्हणून विमान लागले!

मॉरिशस आणि अंदमानात डोंगर आहेत, धरणे आहेत, पाऊसही भरपूर आहे. अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही कोरड्या महिन्यांत दोन्हीकडे पाणीकपात होते, कारण पडलेला पाऊस साठवायला जागा कमी असते. 'चारही बाजूंनी पाणी आहे' म्हणून नळालाही पाणी येईल, असे धरून चालता येत नाही.

वीज आणि किराणा

महाराष्ट्रात एखादा वीज प्रकल्प बंद पडला, तर राष्ट्रीय ग्रिडमधून दुसऱ्या राज्याची वीज घेता येते. बेटाला शेजारी नसतो. अंदमानात वीजनिर्मिती आजही मोठ्या प्रमाणावर डिझेलवर चालते आणि ते डिझेल जहाजाने येते. इंटरनेटचेही असेच होते. चेन्नई ते अंदमान ही सुमारे २,३०० किलोमीटरची समुद्राखालची केबल १० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाली. त्याआधी बेटांची सगळी भिस्त उपग्रहावर होती. आज मुख्य गावांत वेग चांगला मिळतो. पण घरून काम करणाऱ्याने आपण नेमके ज्या बेटावर राहणार, तिथले नेटवर्क तपासायला हवे. पोर्ट ब्लेअरचे, म्हणजे २०२४ मध्ये नाव बदललेल्या श्री विजयपुरमचे, नेटवर्क पाहून लांबच्या बेटावर घर घेणे धोक्याचे आहे.

किराण्याचेही तसेच. चेन्नईहून अंदमानला जहाजाने जायला सुमारे तीन दिवस लागतात. कांदा, डाळ, सिमेंट, गॅस सिलिंडर, औषधे, मोटरसायकलचे सुटे भाग यांतील बरेच काही मुख्य भूमीवरून येते. मॉरिशसही आपल्या अन्नाचा मोठा हिस्सा आयात करतो. तिथे जमीन सुपीक आहे, पण कित्येक पिढ्या ती उसाखाली राहिली. समुद्र खवळला की बोट थांबते आणि बोट थांबली की भाजीचा भाव वाढतो. गावात आठवडे बाजार चुकला तर दुसऱ्या गावचा बाजार असतो. बेटावर पुढच्या बोटीची वाट पाहावी लागते.

खाऱ्या हवेचा खर्च कुणी सांगत नाही. किनाऱ्याजवळ दुचाकीची साखळी, फ्रिजची मागची जाळी, एसीचे बाहेरचे युनिट आणि घराच्या सळया लवकर गंजतात. देशावर ज्या वस्तू दहा वर्षे टिकतात, त्या तिथे लवकर बदलाव्या लागतात, आणि नवी वस्तूही पुन्हा बोटीनेच येते.

आजारी पडले तर?

तज्ज्ञ डॉक्टर जिथे जास्त रुग्ण असतात तिथे राहतात. २०११ च्या जनगणनेनुसार अंदमान-निकोबारची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार आहे, आणि तीही अनेक बेटांवर विखुरलेली. राजधानीत सरकारी रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण गुंतागुंतीच्या उपचारांसाठी रुग्णाला चेन्नईसारख्या शहरात हलवावे लागते. लहान बेटावर असाल, तर आधी बोटीने किंवा हेलिकॉप्टरने राजधानी गाठायची आणि मग विमान. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास महत्त्वाचा असतो. तो तास जेटीवर उभे राहण्यात जाऊ शकतो.

मॉरिशसची आरोग्यव्यवस्था बरीच चांगली आहे आणि तिथल्या नागरिकांना सरकारी रुग्णालयात मोफत उपचार मिळतात. बाहेरून आलेल्याने मात्र आपला विमा काय देतो, हे ओळ न ओळ वाचायला हवे. रुग्णाला विमानाने भारतात आणण्याचा खर्च विम्यात आहे की नाही, हा त्यातला पहिला प्रश्न.

उष्ण, दमट हवेत डास वर्षभर राहतात. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातील बेटांवर चिकुनगुनियाची साथ आली. मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटावर सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या आजारी पडली. लहान बेटावर साथ आली की ती घरोघरी पोहोचते आणि डॉक्टर, परिचारिकाही त्याच आजाराने अंथरुणाला खिळतात.

वादळ येते तेव्हा जायचे कुठे?

फेब्रुवारी १९६० मधील 'कॅरल' चक्रीवादळ मॉरिशसमधल्या जुन्या माणसांच्या अजून स्मरणात आहे. त्यात हजारो घरे पडली. त्यानंतर तिथे काँक्रीटची घरे बांधण्यावर भर आला, इशाऱ्यांची व्यवस्था सुधारली. तरीही जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' वादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला वादळांचा हंगाम असतो. डिसेंबरच्या सुटीत बेट पाहून भुललेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

अंदमान-निकोबार भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात येते. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात आणि त्सुनामीत निकोबारची गावेच्या गावे गेली. भारताचे दक्षिण टोक असलेला इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खचला. डिसेंबर २०१६ मध्ये खराब हवामानामुळे हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले. त्यांना काढायला नौदल, तटरक्षक दल आणि हेलिकॉप्टर लागले. पर्यटक सुटले आणि घरी गेले. तिथे राहणाऱ्यांना मात्र पुढच्या बोटीची वाट पाहत तिथेच थांबावे लागले.

वादळ नसतानाही बेट बंद होऊ शकते. कोरोनाच्या साथीत मॉरिशसने मार्च २०२० मध्ये सीमा बंद केल्या. लस घेतलेल्या प्रवाशांसाठी त्या पूर्णपणे खुल्या झाल्या, तो दिवस होता १ ऑक्टोबर २०२१. म्हणजे सुमारे दीड वर्ष. आपल्या उदाहरणातील जोडप्याने या काळाचा विचार करून पाहावा. गावात वडील आजारी आहेत; मुलगा तिकिटाचे पैसे घेऊन बसला आहे आणि विमान नाही. त्या काळात कित्येकांनी आई-वडिलांचे अंत्यसंस्कार व्हिडिओ कॉलवर पाहिले. अशी साथ रोज येत नाही. पण एरवीही कोऱ्हाळ्याहून फोन आल्यावर सुटी, तिकीट, सुमारे सहा तासांचे विमान आणि मुंबईहून गावापर्यंतचा प्रवास धरला, तर माणूस अंत्यदर्शनाला नव्हे, दहाव्याला पोहोचतो.

नोकरी गेली तर राहता येते का?

मॉरिशसमध्ये परदेशी कामगाराचा परवाना साधारणपणे विशिष्ट मालकाशी जोडलेला असतो. ती नोकरी सुटली की राहण्याचा आधारही जातो. पुण्यात एक कंपनी सोडून दुसरीत जाणे सोपे आहे. इथे आधी नवा मालक, मग नवा परवाना. त्यामुळे पगारावरून, सुट्टीवरून किंवा राहण्याच्या खोलीवरून मालकाशी वाद झाला, तर कामगाराची बाजू आपोआप कमकुवत होते. १८६७ चा फोटो लावलेला परवाना इतिहासजमा झाला. पण परवान्यामुळे माणूस मालकाला कसा बांधला जातो, ते समजायला तो आजही उपयोगी आहे.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी मॉरिशसने २०२० मध्ये 'प्रीमियम व्हिसा' आणला. त्यावर एक वर्ष राहता येते. पण उत्पन्न मॉरिशसच्या बाहेरून यायला हवे आणि ते महिन्याला किमान दीड हजार डॉलर असायला हवे. डॉलर ८५ रुपये धरला, तर हे सव्वा लाखाहून जास्त होतात. या व्हिसावर तिथे स्थानिक नोकरी करता येत नाही. पुण्यातील कंपनीने कामावरून कमी केले, तर बेटावर दुसरे काम धरायची सोय नाही.

देशातल्या बेटांवर तरी अडचण नसेल, असे वाटू शकते. तिथेही नियम आहेत. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही परवाना लागतो, आणि बहुतांश रहिवासी अनुसूचित जमातीचे असल्याने बाहेरच्यांच्या नावे जमीन होण्यावर कायद्याची बंधने आहेत. अंदमान-निकोबारमध्ये आदिवासींसाठी राखीव क्षेत्रांत १९५६ च्या नियमामुळे बाहेरच्यांना प्रवेशच नाही. हे निर्बंध योग्यच आहेत. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची जमीन टिकायला हवी, हे बारामतीच्या शेतकऱ्याला तरी समजावून सांगायला नको.

मालदीवची गोष्ट आणखी वेगळी. तिथे इस्लामशिवाय इतर धर्मांच्या सार्वजनिक उपासनेला परवानगी नाही आणि मुस्लिमेतर व्यक्तीला नागरिकत्व मिळत नाही. दोन वर्षांची नोकरी म्हणून जाणाऱ्याला हे चालू शकेल. ज्याला सार्वजनिक गणपतीशिवाय वर्ष पुरे झाल्यासारखे वाटत नाही, त्याने आधीच विचार करावा.

घर घ्यायचे, तर पैशांचे गणित काय?

मॉरिशसमध्ये परदेशी माणसाला कुठलेही घर घेता येत नाही. ठरावीक योजनांतील घरेच घेता येतात, आणि किमान ३ लाख ७५ हजार डॉलरचे घर घेतले तर राहण्याचा परवाना मिळतो. ८५ रुपयांच्या दराने ही रक्कम सुमारे ३ कोटी १९ लाख रुपये होते.

ती भरायला भारताचाही नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. म्हणजे हे घर घ्यायला दोन माणसे किंवा दोन आर्थिक वर्षे लागतील. एप्रिल २०२५ पासून, अशा कारणासाठी वर्षाला दहा लाखांवर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस आधी कापून घेते. विवरणपत्र भरल्यावर तो करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. शिवाय असे घर विकायला काढले, तर ग्राहक कोण? तेवढे पैसे मोजू शकणारे मोजकेच लोक. घर विकायला वेळ लागला की परतणेही लांबते.

सगळ्यात मोठी चूक : गावची जमीन विकून जाणे

इतके पैसे कुठून येणार, या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असते: जमीन. इथे सर्वांत जास्त सावध राहायला हवे.

परदेशात स्थायिक होऊन अनिवासी भारतीय झालेल्या माणसाला भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. आधीची किंवा वारसाने आलेली जमीन ठेवता येते. महाराष्ट्राच्या कुळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन खरेदी करण्यावर वेगळी बंदी आहे. सगळी जमीन विकून सातबाऱ्यावरून नाव गेले, तर परत आल्यावर आपण शेतकरी आहोत हे कागदोपत्री सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते. आणि ते सिद्ध झाले तरी सोमेश्वर-माळेगाव कारखान्यांच्या पट्ट्यातील कालव्याखालची जमीन जुन्या भावात कुणी देणार नाही.

म्हणजे तीन एकर ऊस हा या जोडप्याचा परतीचा रस्ता आहे. तो विकून बेटाचे तिकीट काढले, तर दीडशे वर्षांपूर्वी परतीची सवलत गमावलेल्या मजुरापेक्षा त्यांची स्थिती फार वेगळी राहणार नाही. फरक एवढाच की त्या मजुराकडून ती काढून घेतली गेली. इथे ती आपल्याच सहीने जाईल.

बेटही एका धंद्यावर उभे असते

उसाच्या गावातल्या माणसाने मॉरिशसची एक गोष्ट नीट पाहावी. तिथली साखर युरोपला चढ्या हमीभावाने जात असे. युरोपीय संघाने २००६ नंतर काही वर्षांत हा भाव ३६ टक्क्यांनी कमी केला. कारखाने बंद झाले, काही एकत्र आले आणि पर्यटन, कापडउद्योग, वित्तसेवा यांवर भर वाढला. मॉरिशसने हा धक्का पचवला, ही मोठी गोष्ट आहे. पण जुलै २०२० मध्ये 'वाकाशियो' हे जहाज आग्नेय किनाऱ्याजवळील प्रवाळावर अडकले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात पसरले. मासेमारी आणि पर्यटन यांच्यावर पोट असणाऱ्यांना एकाच वेळी कोरोना आणि तेलगळती सोसावी लागली.

आपल्या उदाहरणातील नोकरीही हॉटेलातलीच आहे. पर्यटक आले नाहीत, तर बेटावर त्याच कौशल्याची दुसरी नोकरी मिळणे कठीण, कारण बाकीची हॉटेलेही त्याच दिवशी रिकामी असतात.

यावर आक्षेप काय?

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, 'असा विचार केला असता तर माणूस गावाच्या वेशीबाहेरच पडला नसता.' या म्हणण्यात तथ्य आहे. गावातही धोके आहेतच. पावसाळा चुकतो, उसाचे पैसे थकतात, नोकऱ्या नाहीत. मॉरिशसमधील मराठी कुटुंबांनी शून्यातून उभे केलेले आयुष्य हे धाडसाचेच फळ आहे. स्वच्छ हवा, कमी गर्दी, मुलांना इंग्रजी-फ्रेंच शिकण्याची संधी आणि डॉलरमधील बचत हे फायदेही खरे आहेत.

पण त्या कुटुंबांच्या यशाला दोन-तीन पिढ्या लागल्या आणि पहिल्या पिढीने त्याची किंमत मोजली. आज ती किंमत मोजण्याची सक्ती कुणावर नाही. आज विमान आहे, बँक आहे, जमीन नावावर ठेवण्याची सोय आहे. धाडस करायचे तर या सोयी शाबूत ठेवून करावे. नवरा-बायकोपैकी एकाने आधी जाऊन पाहणे, घर विकत न घेता भाड्याने राहणे, जमीन भावाकडे किंवा वाट्याने देणे यात भित्रेपणा नाही. मुलीच्या शाळेचाही विचार यातच येतो. अंदमानात शिक्षणाची माध्यमे प्रामुख्याने हिंदी, इंग्रजी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू आहेत. मॉरिशसमध्ये शिक्षण इंग्रजीत, व्यवहार फ्रेंच आणि क्रिओलमध्ये. दोन वर्षांनी परत आलेल्या मुलीला इथल्या वर्गात पुन्हा बसवणे हाही परतीचा खर्चच आहे.

जाण्यापूर्वी या सात गोष्टी तपासा

१. चुकीच्या हंगामात राहून पाहा. मॉरिशसला जानेवारी-फेब्रुवारीत, अंदमानला जून ते सप्टेंबरमध्ये किमान महिनाभर. हॉटेलात नाही, भाड्याच्या घरात.

२. त्या महिन्यात पाणी किती वेळ आले, वीज किती वेळा गेली, बोट किंवा विमान किती वेळा रद्द झाले, याची वहीत नोंद ठेवा.

३. जवळचे हृदयरोग उपचार केंद्र किती तासांवर आहे, हे बोट रद्द झाली असे धरून मोजा.

४. कामाचा करार वकिलाला दाखवा. नोकरी सुटली तर किती दिवस राहता येईल आणि परतीचे तिकीट कोण काढेल, हे लेखी घ्या.

५. सहा महिन्यांचा घरखर्च आणि सगळ्या कुटुंबाची परतीची तिकिटे एवढी रक्कम भारतातील खात्यात वेगळी ठेवा. तिला हात लावायचा नाही.

६. सातबाऱ्यावरचे नाव कायम ठेवा. पहिली तीन वर्षे तरी जमीन विकू नका.

७. आई-वडिलांशी बोला. रात्री अपरात्री त्यांना दवाखान्यात कोण नेईल, त्या माणसाचे नाव ठरवा. नाव ठरत नसेल, तर निर्णय अजून झालेला नाही.

या सातही गोष्टींची उत्तरे मिळाली, तर खुशाल जावे. समुद्र सुंदर आहेच. पाचव्या आणि सहाव्या मुद्द्यापाशी अडखळायला झाले, तर मात्र नोकरीच्या पत्रावर सही करण्याआधी एक हंगाम थांबावे. ऊस तुटेल, पैसे येतील आणि बेट काही कुठे जाणार नाही.